सांगता येत नाही

उन्हाळी सुट्टी लागायच्या सुमारास आमच्या शनिवारच्या वर्गातली एक नववीतली मुलगी वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळली. बाकीची पोरं जिन्याखाली चपला हुडकत होती. तिने दप्तरातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर उलगडून धरला. कुठल्याशा आंतरशालेय विज्ञान स्पर्धेची तपासलेली उत्तरपत्रिका होती. चंद्राच्या एका छायाचित्रावर 'अ' आणि 'ब' अशी दोन विवरं दाखवलेली, आणि प्रश्न असा, की यांतलं अधिक जुनं कोणतं आणि कशावरून? दोन्ही विवरं एकमेकांपासून चांगली लांब. मधे सपाट मैदान. दोघांच्याही कडा साधारण सारख्याच झिजलेल्या. तिने निळ्या पेनाने टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'सांगता येत नाही. दोन्ही एकमेकांना कुठेच लागत नाहीत.' त्यावर लाल फुली, समासात शून्य, आणि खाली तपासणाऱ्याने उपकार केल्यासारखं बरोबर उत्तर लिहून दिलेलं: 'अ. कारण ते मोठे आहे.'

माझं डोकंच फिरलं. आयोजकांना काय पत्र लिहायचं, त्याची वाक्यं मनात जुळायलाही लागली. तिला मात्र त्या मार्कांचं फारसं काही वाटत नव्हतं. कागदाची पुन्हा घडी घालत ती म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. पुढच्या वेळी काय लिहू, एवढं सांगा."

शनिवारी सांगते म्हटलं. तो शनिवार गेला, पुढचाही गेला.

आमचा वर्ग म्हणजे इंदूरच्या रामबागेतल्या एका जुन्या घराचा ओटा आणि त्याच घराची गच्ची. संध्याकाळी ओट्यावर, अंधार पडला की गच्चीवर. मी भौतिकशास्त्र शिकवते, जोडीला भूगोलाचे एक निवृत्त सर आहेत, आणि मुलं आसपासच्या गल्ल्यांतली, निम्मी मराठी घरांतली, निम्मी इतर. त्यामुळे वर्गाची भाषा मराठीत सुरू होते, मधेच हिंदीत वळते आणि 'अरे भिया'वर येऊन टेकते. चंद्रावर आधी काय घडलं आणि नंतर काय, हे नुसतं बघून ओळखायला शिकवणं हा आम्हा दोघांचा लाडका धडा. त्याला गणित लागत नाही की महागडी साधनं लागत नाहीत. डोळे लागतात आणि धीर लागतो. नववीच्या वर्षात यातली दुसरी गोष्ट मिळणं जरा कठीणच.

सुरुवात परातीने होते. लग्नघरात असते तसली मोठी परात, तिच्यात चार बोटं मैदा, वरून चाळणीने गेरूची पातळ पूड. मुलं ओट्याच्या कठड्यावर चढून वरून गोट्या सोडतात. थप्प असा आवाज होतो, मैदा उसळतो आणि लाल गेरूवर पांढरे फराटे चौफेर पसरतात. मग दुसरी गोटी अशी टाकायची, की तिचा खड्डा पहिल्याच्या कडेवर अर्धा चढला पाहिजे. बऱ्याच गोट्या फुकट जातात, एखादी घरंगळत नाल्याकडे जाते आणि तिच्यामागे दोन पोरं जातात, पण शेवटी जमतं. आता विचारायचं, आधीचा कोणता? इथे कुणी अडत नाही. ज्याची कड अखंड तो नंतरचा, ज्याची कड खाल्ली गेलीय तो आधीचा. पांढरा फराटा ज्या खड्ड्यावरून गेलाय, तो खड्डा फराट्याच्या आधीपासून तिथे आहे. एवढ्यावर चंद्राचा निम्मा इतिहास वाचता येतो, हे सांगितलं तर मुलांना खरं वाटत नाही. परातीत थोडी लबाडी आहे, तीही मी लगेच सांगून टाकते. इथे गोटीचा खड्डा गोटीएवढाच पडतो. चंद्रावर आदळणारा दगड सेकंदाला कित्येक किलोमीटरच्या वेगाने येतो, त्यामुळे तिथला खड्डा स्फोटाचा असतो, दगडाच्या कितीतरी पट मोठा, आणि दगड तिरपा आला तरी बहुतेक वेळा गोलच.

परातीनंतर छायाचित्रं. २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाने काढलेली, आम्ही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलेली. एकदा त्याने अर्धे कागद उलटे छापले. वाटून झाल्यावर मागच्या बाजूने आवाज आला, "मैडम, ये तो फोड़े हो रिये हैं!" खरंच होतं. त्याच्या कागदावर एकही खड्डा नव्हता, नुसते फोड आले होते, कांजिण्या झाल्यासारखे. त्याला म्हटलं, कागद उलटा धर. त्याने हळूहळू फिरवला, आणि साधारण तीन चतुर्थांश वळल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत सगळे फोड एकदम आत गेले. उजेड वरून येतो असं आपलं डोकं धरून चालतं. सूर्य, दिवा, ट्यूबलाइट, सगळं वरूनच. छायाचित्रात तो खालून आला की खड्ड्याचा उंचवटा होतो. आणि खड्ड्याचा उंचवटा झाला, की कोण कोणाच्या वर चढलंय याचा सगळा हिशोब बिघडतो. हे कळल्यावर वर्ग बराच वेळ फक्त कागद फिरवत बसला. मी बसू दिलं. सर घड्याळ बघत होते.

रात्रीचा भाग पंचांग बघून ठरवावा लागतो. लोकांना वाटतं, चंद्र बघायचा तर पौर्णिमेला. पौर्णिमेला दुर्बिणीतून चंद्र म्हणजे चुन्याची भिंत. सूर्य समोरून पडतो, सावल्या नाहीत, मोठमोठी विवरंसुद्धा दिसेनाशी होतात. तेव्हा बघायचे ते फक्त पांढरे फराटे, टायको नावाच्या विवरातून अर्ध्या चंद्रभर गेलेले. खड्डे बघायचे तर उजेड-अंधाराची सीमारेषा त्यांच्याजवळ असली पाहिजे, म्हणजे सावल्या लांब पडतात. शुक्ल षष्ठीच्या आसपास ही रेषा थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना या तीन विवरांच्या आसपास असते. आमची सहा इंची दुर्बीण त्यांना अगदी सहज दाखवते. थिओफिलस सुमारे १०० किलोमीटर व्यासाचं, कड धारदार, मधोमध डोंगर, आणि त्याची एक बाजू सरळ सिरिलसमध्ये घुसलेली. म्हणजे परातीतलीच गोष्ट. पहिल्यांदा डोळा लावणारं पोर काहीतरी ओरडतंच. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारतं, काय झालं?

कॅथरिना आणि सिरिलस यांच्यातला निवाडा मात्र इतका सरळ नाही. त्यांच्यामधे रुंद दरीसारखी मोकळी जागा आहे, स्पष्ट चढाई दिसत नाही. कॅथरिना जास्त झिजलेली दिसते, तिची कड ढासळलेली, तळ भरलेला, म्हणून ती आधीची म्हणायचं. झीज हाही पुरावाच. चंद्रावर वारा-पाऊस नसला, तरी बारीक-मोठ्या दगडांचा मारा सतत चालू असतो, आणि जुन्या कडा त्याने गुळगुळीत होत जातात. तरी 'कापलंय' आणि 'झिजलंय' या दोन पुराव्यांचं वजन वेगळं आहे. ते मुलांना बोलून कळत नाही, डोळा लावून कळतं.

इथेच माझं आणि सरांचं वाजतं. सर म्हणतात, इतिहास सुरुवातीपासून सांगावा. आधी कॅथरिना दाखवा, मग सिरिलस, मग थिओफिलस. पोरांना वाटलं पाहिजे की आपण घडताना बघतोय. मी म्हणते, डोळा आधी वरचं बघतो. सगळ्यात नवीन, सगळ्यात धारदार जे आहे ते आधी दिसतं. तिथून एकेक थर उचलत खाली जा. शास्त्रज्ञांनीही तसंच वाचलं. त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं: "वाचलं वरून असेल, पुस्तकात लिहिलं खालूनच ना?" हे खरं आहे, म्हणून जास्त राग येतो.

त्या स्पर्धेच्या उत्तरसूचीकडे वळायचं, तर 'मोठं म्हणून जुनं' यात काहीच तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. चंद्रावरची सगळ्यात प्रचंड खोरी खरोखरच फार जुनी आहेत, कारण तेवढे महाकाय दगड सुरुवातीच्या काळातच येऊन आदळत होते. पण त्यावरून कुठल्याही दोन विवरांचा निकाल लावायला निघालं, की फसगत होते. कोपर्निकस ९३ किलोमीटरचं, शेजारचं एराटोस्थेनिस ५८ च्या आसपास. उत्तरसूचीप्रमाणे कोपर्निकस थोरलं. प्रत्यक्षात कोपर्निकसमधून उडालेला चुरा आणि त्याचे फराटे एराटोस्थेनिसच्या अंगावर पडले आहेत, आणि एराटोस्थेनिसचे स्वतःचे फराटे असतील ते केव्हाच विरून गेलेत. सूर्याकडून येणारे कण आणि बारीक उल्कांचा मारा यांनी असे पांढरे फराटे हळूहळू काळवंडतात. त्याला शंभर कोटी वर्षांच्या घरातला काळ लागतो. तेव्हा आकाराने मोठं कोपर्निकस वयाने धाकटं, आणि हे नवमी-दशमीला आमच्या गच्चीवरून दिसतं.

माझ्या आजीला स्वतःचं जन्मसाल माहीत नव्हतं. रेशनकार्डावर होतं ते आजोबांनी अंदाजे सांगितलेलं. पण तिला क्रम पक्का ठाऊक होता. इंदुरात प्लेग होता तेव्हा दिवाळीत मोठी मिरवणूक निघाली आणि प्लेगचा भलाथोरला उंदीर करून जाळला, तेव्हा तिचा थोरला भाऊ वडिलांच्या खांद्यावर बसून गेला होता आणि ती आईच्या पोटात होती. ही मिरवणूक पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराची. होळकर दरबाराने त्याला शहर सुधारायला बोलावलं होतं, त्याचा इंदूरवरचा अहवाल १९१८ चा आहे. आजीला गेडिस माहीत नव्हता, तिला उंदीर माहीत होता. तुकोजीराव महाराजांनी गादी सोडली तेव्हा ती परकर नेसत होती. संस्थान विलीन झालं त्याच्या आधी माझे वडील झाले, धाकटे काका नंतर. राजवाडा १९८४ मध्ये जळाला तेव्हा ती होती. गच्चीवरून धूर बघून तिने हात जोडले होते. ही सालं आता मी घालतेय, तिने एकही साल कधी उच्चारलं नाही. तरी तिच्या सांगण्यात पुढचं मागे आणि मागचं पुढे झाल्याचं मला आठवत नाही.

एकच गाठ तिला कधी सुटली नाही. तिची एक चुलत बहीण धारची. दोघी साधारण बरोबरीच्या. पण एक इंदुरात वाढलेली, दुसरी धारमध्ये. प्लेगची मिरवणूक धारच्या बहिणीला माहीत नाही, आणि धारच्या दरबारात काय झालं ते आजीला माहीत नाही. दोघींच्या लहानपणात एकही सामाईक दिवस नव्हता. त्यामुळे दिवाळीत भेट झाली की वाकायचं कुणी, हा प्रश्न. आपण धाकट्या आहोत असं दोघींचं ठाम म्हणणं, त्यामुळे दोघीही एकदम वाकायच्या आणि एकमेकींचे दंड धरून, "अगं तूच थोरली," "नाही गं, तूच," असं म्हणत दारातच अडकून राहायच्या. मागे आम्ही पोरं फराळाच्या ताटांकडे बघत उभी. हे वर्षानुवर्षं चाललं, आणि दोघी गेल्या तेव्हाही निकाल लागलेला नव्हता.

कुणाचं काही अडलं नाही.

चंद्राच्या बाबतीत निकाल लावायची सोय थोडी जास्त आहे, कारण तिथे लाव्हा आहे. आपल्याकडून दिसणारे चंद्रावरचे काळे डाग म्हणजे गोठलेला लाव्हा, बेसाल्ट. आणि बेसाल्ट म्हणजे इंदूरकरांसाठी घरचा दगड. आम्ही मुलांना महूच्या पुढे जाम घाटात नेतो. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत काळ्या दगडाचे थर एकावर एक दिसतात. तिथे एक तुकडा हातात द्यायचा. जड, गार, फोडलेल्या बाजूला बारीक चमक, आणि मधूनमधून वाफेची भोकं. दख्खनपासून माळव्यापर्यंत पसरलेला हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हे सांगावंसुद्धा लागत नाही. चंद्रावरचा काळा डाग याच जातीचा, फक्त पाण्याचा अंश जवळपास नसलेला आणि कितीतरी जुना, असं म्हटलं की हातातल्या दगडाकडे पोरं वेगळ्याच नजरेने बघतात. दोघातिघांच्या दप्तरात ते तुकडे घरी जातात. आया मग फोनवर विचारतात, हे कुठून आणलं, याने फरशी घासली गेली.

तर तो लाव्हा साक्षीदार कसा होतो, ते बघण्यासारखं आहे. चंद्राच्या उत्तरेकडे मारे इम्ब्रियम नावाचा मोठा काळा गोल आहे. ते मुळात एका प्रचंड आघाताने पडलेलं, हजार किलोमीटरहून रुंद खोरं. त्या खोऱ्याच्या आत आर्किमिडीज नावाचं विवर आहे. ते आत आहे म्हणजे खोऱ्याच्या नंतरचं. आधीचं असतं तर आघातात नामशेष झालं असतं. पण आर्किमिडीजचा तळ बघा, डोसा घातल्यासारखा सपाट. त्यात लाव्हा भरलाय, बाहेरही लाव्हा कडेपर्यंत आलाय. म्हणजे खोरं, मग आर्किमिडीज, मग लाव्हा. खोरं पडल्याबरोबर लाव्हा आला नाही, मधे एक विवर पडण्याएवढा तरी काळ गेला. आता खोऱ्याच्या दक्षिण काठावरचं एराटोस्थेनिस घ्या. आर्किमिडीजचा आणि त्याचा कुठे संबंध येत नाही, मधे मोठं अंतर आहे. पण एराटोस्थेनिसचा चुरा लाव्ह्याच्या वर पडलाय. आर्किमिडीज लाव्ह्याच्या खाली, एराटोस्थेनिस लाव्ह्याच्या वर. म्हणजे एकमेकांना न लागताही त्यांची थोरली-धाकटी पाती ठरली. आणि एराटोस्थेनिसवर कोपर्निकसचे फराटे. पाच घटना एका ओळीत, एकाही आकड्याशिवाय. यूजीन शूमेकर आणि रॉबर्ट हॅकमन यांनी याच पद्धतीने कोपर्निकसच्या परिसराचा क्रम लावला आणि तो १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा चंद्रावर माणूस सोडाच, तिथून एक खडासुद्धा कुणी आणलेला नव्हता. चांद्रकालखंडांना एराटोस्थेनियन, कोपर्निकन ही नावं त्या कामातून आली.

आणि हे केवळ जुन्या काळचं नाही. चंद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं, तेव्हा ओट्यावर मोबाइलभोवती सगळा वर्ग गोळा झाला होता. पुढच्या वर्षी अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीच्या शास्त्रज्ञांनी त्या भागात सुमारे १६० किलोमीटरचं एक गाडलं गेलेलं विवर ओळखलं. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडचं प्रचंड एटकेन खोरं ज्या आघाताने पडलं, त्यात उडालेल्या राडारोड्याखाली ते गेलंय, म्हणून ते त्या खोऱ्याच्याही आधीचं. बातमी वाचून एक पोरगा म्हणाला, "हे तर आपलं परातवालंच आहे ना!" त्या दिवशी पोह्यांवर शेव-जिरावण माझ्याकडून.

"पण किती वर्षांपूर्वी?" हा प्रश्न दरवेळी येतोच, आणि येऊ नये असं मला कधी वाटलं नाही. आकडे आहेत. कोपर्निकस सुमारे ८० कोटी वर्षांचं, टायको सुमारे ११ कोटी. ते आले कुठून, ते सांगताना मात्र मुलांचे चेहरे बदलतात. अपोलो १२ जिथे उतरलं, तिथून कोपर्निकसचा एक फराटा जातो असं मानलं गेलं. त्या जागेवरून आणलेल्या मातीतल्या कणांचं वय कोपर्निकसला लावलं. टायकोचं तर आणखीच आडवळणाचं. अपोलो १७ टायकोपासून दोन हजार किलोमीटरांहून दूर उतरलं होतं. तिथल्या एका डोंगरावरून कधीतरी दरड कोसळलेली. टायकोतून उडालेले दगड त्या डोंगरावर येऊन आपटले आणि त्यानेच दरड सुटली, असा तर्क. आणि त्या दरडीच्या वयावरून टायकोचं वय. प्रयोगशाळेत वय निघतं ते हातातल्या खड्याचं. तो खडा कुठल्या विवराच्या घरचा, हे ठरवायला पुन्हा कोण कोणावर पडलंय तेच बघावं लागतं. २०२० च्या डिसेंबरात चीनच्या चांग-ए ५ ने पावणेदोन किलोच्या आसपास माती आणि खडे आणले, त्यांतला बेसाल्ट सुमारे २०० कोटी वर्षांचा निघाला. अपोलोने आणलेल्या बेसाल्टहून कितीतरी तरुण. पण त्या जागेवर विवरं कमी आहेत, म्हणजे तिथला लाव्हा नंतरचा, हे मोजणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं. यान तिथे पाठवलंच म्हणून.

आपल्या लोणारची तर याहून मजा. मावशी मेहकरला असायची, म्हणून मी लहानपणी लोणार पाहिलंय. काठावरून खाली उतरताना पायाखाली तोच काळा दगड, खाली सरोवराचा उग्र वास, आणि मागून मावशीचं "घसरशील गं" चालू. काठावर उभ्या असलेल्या कुठल्याही मुलाला कळेल, की १.८ किलोमीटरचा हा खड्डा त्या दगडात पडलाय, म्हणजे दगडाच्या नंतरचा. यात कधी वाद झाला नाही. पण नक्की केव्हा? एका पद्धतीने उत्तर आलं सुमारे ५२ हजार वर्षं, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. दगड हातात आहे, प्रयोगशाळा आहे, तरी दोन आकड्यांत दहापटीचं अंतर. मुलांना हे सांगितलं की काहींना धक्का बसतो, काही खूश होतात. खूश होणाऱ्यांवर मी लक्ष ठेवते.

विवरं मोजायला दिली की वर्ग युद्धभूमी होतो. तत्त्व सोपं: जमीन जितका काळ उघडी पडलीय, तितके खड्डे तिच्यावर जास्त. दोन चौकोन आखून द्यायचे, एक उंच उजळ भागातला, एक काळ्या 'सागरा'तला, म्हणजे त्या लाव्ह्याच्या मैदानातला, आणि मोजा म्हणायचं. एकाच चौकोनात एकाला निघतात दुसऱ्याच्या दुप्पट. एवढासा ठिपका धरायचा की नाही? अर्धं रेघेबाहेर गेलेलं? साखळीसारखे एका ओळीत आलेले बारीक खड्डे तर खरे उल्केचे नसतातच, मोठ्या विवरातून उडालेले दगड परत खाली पडून झालेले असतात. ते मोजले तर जमीन आहे त्याहून म्हातारी ठरते. आणि सूर्य डोक्यावर असतानाचं छायाचित्र असेल, तर निम्मे खड्डे दिसतच नाहीत आणि तीच जमीन तरुण ठरते. एवढं सगळं भांडून झाल्यावरही उजळ भाग जुना आणि काळा भाग नवा, यावर कुणाचं दुमत नसतं. आकडे प्रत्येकाचे वेगळे, क्रम सगळ्यांचा एक. मला हा तास फार आवडतो. घरी जाताना घसा बसलेला असतो.

आता त्या मुलीला काय सांगायचं होतं, ते. अडचण उत्तराची नव्हती. तिचं उत्तर बरोबरच होतं. अडचण अशी होती, की पुढच्या वर्षी ती दहावीत, तिच्या घरचे क्लासची फी भरतायत, आणि 'अ, कारण ते मोठे आहे' असं लिहिलं तर मार्क मिळतात हे तिला आता कळलंय. मी तिला तसं लिही म्हणू शकत नाही. लिहू नकोस म्हणायला माझं काय जातं? शून्य तिला पडतं, मला नाही. सरांना विचारलं तर ते म्हणाले, परीक्षेत परीक्षेसारखं लिहावं, गच्चीवर गच्चीसारखं बोलावं. त्यांची पस्तीस-चाळीस वर्षं शाळेत गेली, त्यांना असं सहज म्हणता येतं. मला ते गिळता आलं नाही. पत्र मी पाठवलं होतंच. 'उत्तरसूची अंतिम आहे' एवढं एका ओळीचं उत्तर आलं.

शेवटी तिला सांगितलं, की 'सांगता येत नाही' लिही, पण तिथे थांबू नकोस. काय मिळालं तर सांगता येईल, ते पुढे लिही. तिने विचारलं, मार्क मिळतील? म्हटलं, मिळतीलच असं नाही. ती थोडा वेळ पेन चावत बसली आणि त्याच जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे लिहायला लागली. दोन्ही विवरांवरून जाणारा एखादा फराटा मिळाला तर. मधल्या मैदानातला लाव्हा एकाच्या आत शिरलाय आणि दुसऱ्याचा चुरा त्याच्यावर पडलाय, असं दिसलं तर. दोघांच्या तळावरचे बारीक खड्डे मोजता येतील इतकं जवळून काढलेलं चित्र मिळालं तर. सूर्य दोन्हीकडे सारखाच तिरपा असेल तर. हे चौथं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. लिहून झाल्यावर तिने कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "पण मॅडम, पेपरात उत्तराला दोनच रेघा असतात."

यावर माझ्याकडे काही नव्हतं. सर मधे पडले आणि म्हणाले, बारीक अक्षर काढ.

येत्या शुक्ल षष्ठीला आकाश मोकळं असेल तर गच्चीवर सरांची पाळी आहे. ते कॅथरिनापासून सुरू करणार, मग सिरिलस, मग थिओफिलस, अगदी क्रमवार. तसं त्यांनी फळ्यावर आधीच लिहूनही ठेवलंय. दुर्बीण कॅथरिनावर नेमकी लावणं त्यांना कितपत जमतं ते बघायचं, कारण शेजारी थिओफिलस असताना पोरांचा डोळा दुसरीकडे टिकत नाही. पहिलंच पोर "अरे भिया, ये कौन घुस गया इसमें!" म्हणून ओरडलं, तर त्या वेळी मला सरांच्या अगदी जवळ उभं राहायचं आहे.